मोजणी जुळवणाऱ्या बाई

आमच्या ऑफिसात कुणी "सगळे आले" असं म्हटलं की कोपऱ्यातल्या एका खुर्चीची चाकं करकरायची. खुर्ची वळायची आणि चष्म्याच्या वरून प्रश्न यायचा, "सगळे म्हणजे किती पैकी किती?"

त्या खुर्चीत बाई बसत. कंपनीत आम्ही सगळे (माफ करा, बरेचसे) एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारायचो. मॅनेजरलाही 'अरे' म्हणायचो, कारण तशी वरून सूचना होती. बाईंना मात्र कुणाची 'अगं' म्हणायची छाती झाली नाही. तोंडावर 'मॅडम' आणि पाठीमागं 'बाई'. त्या स्वतः सगळ्या जगाला अहो-आपण करायच्या. नुकत्याच कॉलेजातून आलेल्या पोरालाही "आपण इंजिनिअर आहात असं कळलं होतं, खरं आहे का ते?" असं इतक्या आदरानं विचारायच्या की ते पोरगं घरी जाऊन आपली डिग्री काढून बघायचं. मी बघितली होती.

मी अमरावतीकडचा. आमच्याकडं माणसाला शिव्या द्यायच्या तर शिव्या देतात, त्यामुळं दिल्या की कळतं. पुण्यात आल्यावर पहिले सहा महिने बाई माझं कौतुक करतात असंच मला वाटत होतं.

आमचं ऑफिस कोथरूडला, साड्यांच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. धंदा असा की एका कंपनीच्या संगणकातल्या ओळी उचलायच्या आणि दुसऱ्या संगणकातल्या टेबलात नेऊन ठेवायच्या. ह्याला पाइपलाइन म्हणतात. पुण्यातल्या इतर पाइपलाइनींसारखीच हीही बहुतेक वेळ दुरुस्तीतच असते. बाईंचं काम म्हणजे तिकडून निघालेल्या ओळी इकडं पोचल्या का, ते पाहणं. त्यासाठी त्यांनी एक प्रोग्राम लिहिला होता. मोजणी जुळली तर माल पुढं सोडायचा, नाही जुळली तर अडवायचा. कागदोपत्री त्याला काहीतरी झकास इंग्रजी नाव होतं. आम्ही त्याला फाटक म्हणायचो. 'फाटक पडलं' अशी हाक आली की लोक निवांत चहाला जायचे, कारण रेल्वे कधी येणार आणि फाटक कधी उघडणार हे फक्त बाईंनाच ठाऊक.

हा रोग ऑफिसपुरता असता तर भागलं असतं. एकदा मंडईत त्या मला भेटल्या. लिंबं घेत होत्या. टोपलीत मोजली, पिशवीत टाकताना मोजली, मग पिशवीत हात घालून पुन्हा मोजली. लिंबंवाल्या मावशी शेवटी म्हणाल्या, "ताई, पिशवीतनं लिंबं काय उडून जात्यात व्हय?"

"जात नाहीत. पण ते मोजल्यावरच कळतं," बाई म्हणाल्या आणि चौथ्यांदा मोजायला लागल्या.

लग्नाला गेल्या की आहेराच्या आधी वधूपित्याला गाठून विचारायच्या, "किती बोलावले होते? आणि आले किती?" तो बिचारा घाम पुसत म्हणायचा, "आले हो सगळे, आपल्या कृपेनं." मग सुरू व्हायचं, 'सगळे म्हणजे'. मी एका लग्नात त्यांच्या मागंच उभा होतो. बोलावलेल्यांपेक्षा जेवलेले जास्त होते, हे त्यांनी भर मांडवात सिद्ध केलं. मी त्या जास्तीच्या लोकांपैकी होतो. जिलबी हातातच राहिली.

तर त्या काळात बाईंचा एकच धर्म होता: आकडा. निघाले तितके पोचले की त्यांचा आत्मा शांत. हा धर्म बुडाला तो माझ्यामुळं, आणि बुडाला सिंहगडावर.

कंपनीची सहल होती. कंपनीनं सगळ्यांना निळे टी-शर्ट वाटले होते, छातीवर न वाचता येणारं बोधचिन्ह. पुण्यात आयटी कंपन्या ढीगभर असतील, पण टी-शर्ट एकच आहे. त्या रविवारी अर्धा गड निळा होता. निघताना बसच्या दाराशी उभं राहून बाईंनी डोकी मोजली. उतरतानाही मोजणार हे जाहीर केलं. मी आपला एका झोपडीपाशी पिठलं-भाकरी खात बसलो. मग मडक्यातलं दही. मग मडकं छोटं होतं म्हणून दुसरं मडकं. बस निघायची वेळ झाली तेव्हा मी तिसऱ्या मडक्याशी वाटाघाटी करत होतो.

वाहनतळावर आलो तर बस नव्हती.

घाबरून फोन काढणार, तेवढ्यात बाईंचाच आला. त्या कोथरूडला पोचल्या होत्या आणि उतरणाऱ्यांत मी त्यांना दिसलो नव्हतो.

"आपण कुठे आहात?"

"मॅडम, गडावर."

"शक्य नाही," बाई म्हणाल्या. "मोजणी जुळलीय."

मी म्हटलं, "मॅडम, जुळली असेल, पण मी इथं आहे. माझ्या हातात दह्याचं मडकं आहे."

पलीकडं त्या पुन्हा डोकी मोजताना ऐकू आल्या. मग दुसराच एक झोपाळलेला आवाज ऐकू आला, "अहो ताई, हे येरवडा नाही का?" झालं होतं ते असं. दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा एक गृहस्थ, निळ्या टी-शर्टातला, आमच्या बसला आपली बस समजून आत शिरला आणि मागच्या सीटवर झोपी गेला. बाईंनी डोकी मोजली. निघाली तितकीच भरली. बस सुटली.

मला गडावरून खाली आणून सोडेपर्यंत एका टेम्पोवाल्यानं माझी सगळी वंशावळ विचारून घेतली, ते जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी घडल्या प्रकाराचं लेखी स्पष्टीकरण सगळ्यांना ई-मेलनं पाठवलं. त्यांना कुणी मागितलं नव्हतं. त्यातलं एक वाक्य अजून ऑफिसात लोक पाठ म्हणतात: 'सदर व्यक्तीच्या जागी तत्सम व्यक्ती आल्यामुळे फरक आढळला नाही.' अमरावतीत माझ्या आईला मी हे वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "तो दुसरा पगारही घेते का तुझा?"

पण बाई हादरल्या होत्या. आठवडाभर त्यांनी कुणाला 'किती पैकी किती' विचारलं नाही. मग एका सकाळी खुर्ची करकरली आणि त्यांनी नवा धर्म जाहीर केला. आता नुसता आकडा पुरणार नव्हता. किती निघाले, किती पोचले, आणि पोचले ते तेच आहेत का? टेबलात ओळी किती हे तर बघायचंच, पण कॉलम किती, कुठल्या नावाचे, कुठल्या क्रमानं, कशात काय भरलंय, हेही बघायचं. कुणाला नवा कॉलम घालायचा असेल तर आधी बाईंची परवानगी. त्या परवानगीचा अर्ज इतका लांब होता की लोक म्हणायचे, नवा कॉलम घालण्यापेक्षा नवी कंपनी काढणं सोपं. फाटक दिवसाआड पडायला लागलं. मॅनेजरचे केस, जे आधीच मोजके होते, आणखी मोजके झाले.

मॅनेजर माझ्याच वयाचा. त्याचं मराठी म्हणजे इंग्रजीला लावलेली क्रियापदं. "मॅडम, धिस इज ब्लॉकिंग अस यार! काउंट मॅच होतोय ना? मग गो अहेड करा ना!"

"आपल्या जागी तत्सम कुणी बसवलं तर काउंट मॅच होईल," बाई म्हणायच्या. "बसवू का?"

ह्या नव्या धर्माचा पहिला शिष्य म्हणून बाईंनी मलाच निवडलं. गडावरच्या ऋणानुबंधानं असेल. माझ्याकडं डब्याचं टेबल आलं. आमचं एक गिऱ्हाईक होतं, एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचा डबा पोचवणारं. पोरं परदेशात नाहीतर ऑफिसात, आई-वडील कोथरूडच्या सोसायट्यांमध्ये. त्या लोकांच्या अ‍ॅपमधून रोज सकाळी ओळी निघायच्या. नाव, पत्ता, मजला, पोळ्या किती, साखर चालते का. आम्ही त्या उचलून स्वयंपाकघराच्या टेबलात टाकायचो, आणि तिथल्या काकू त्याप्रमाणे डबे भरायच्या. साखरेचा कॉलम एरवी कुणी बघत नसे, कारण रोजच्या डब्यात गोड नसायचंच. तो फक्त सणावारी लागायचा.

मी तपासणीचा प्रोग्राम लिहिला. पहिल्या दिवसापासून हिरवा! ओळी जुळल्या, कॉलम जुळले, नावं जुळली. आठवड्यामागून आठवडे हिरवं. सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजरनं माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मीही मान खाली घालून, विनम्र वगैरे, मनात फेट्याचं माप देत होतो. टाळ्या न वाजवणाऱ्या एकट्या बाई.

"इतकं हिरवं तर लॉनसुद्धा नसतं," त्या म्हणाल्या.

पाडव्याच्या दिवशी ऑफिसला सुट्टी, पण डब्याला सुट्टी नसते म्हणून आम्ही मोजके लोक झब्बे-कुर्ते घालून आलो होतो. काकूंकडं श्रीखंड तयार होतं. कुणाच्या डब्यात ते घालायचं आणि कुणाच्यात काकडीची कोशिंबीर, ही यादी आमच्याकडून जायची होती. बाई सकाळपासून माझ्या प्रोग्रामसमोर बसल्या होत्या. अखेर खुर्ची करकरली.

"अहो, हे आपण कुणाला कुणाशी ताडून पाहताय?"

मी उत्साहानं सांगायला गेलो, "इकडचं टेबल तिकडच्या..." आणि माझं बोट स्क्रीनवर थबकलं. मी स्वयंपाकघराचं टेबल स्वयंपाकघराच्याच टेबलाशी ताडत होतो. दोन्हीकडं एकच नाव टाकलं होतं. इतके दिवस ते टेबल आरशासमोर उभं राहून 'मी तोच आहे ना?' विचारत होतं आणि आरसा 'हो' म्हणत होता. त्याच्यासाठी मी टाळ्या घेतल्या होत्या.

"न जुळून सांगतंय कुणाला!" बाई म्हणाल्या. त्यांनी नाव दुरुस्त केलं आणि प्रोग्राम चालवला. फाटक धाडकन पडलं.

अ‍ॅपवाल्यांच्या टेबलात 'साखर चालते का' हा कॉलमच नव्हता. त्याच्या जागी 'लिफ्ट आहे का' असा कॉलम होता. डबा पोचवणाऱ्यांना लिफ्टची माहिती हवी होती. नवा कॉलम घालायचा तर बाईंचा अर्ज भरावा लागणार, म्हणून त्या हुशार मंडळींनी जुन्याच कॉलमची पाटी बदलली आणि म्हाताऱ्या मंडळींना एकेक करून विचारत 'हो-नाही' त्याच्यावरच लिहायला घेतलं. निम्म्या ओळींत साखरेची जुनी उत्तरं, निम्म्यांत लिफ्टची नवी. दोन्हीकडं नुसतं हो आणि नाही. कुठलं कशाचं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आमचा ओळी उचलणारा प्रोग्राम नाव न बघता तोच कॉलम मुकाट्यानं उचलत होता, आणि रोज जुन्याच्या डोक्यावर नवं ठेवत होता. म्हणजे जुनी प्रतही गेली. ओळींची मोजणी अर्थातच जुळत होती.

"म्हणजे," मॅनेजर हळूच म्हणाला, "ज्यांच्या बिल्डिंगला लिफ्ट, त्यांना श्रीखंड?"

"आणि ज्यांची साखर तीनशे, ते सातव्या मजल्यावर," बाई म्हणाल्या. "यादी जाणार नाही."

आता मॅनेजर इंग्रजी विसरला. काकूंचे फोनवर फोन येत होते. सणाच्या दिवशी म्हातारी माणसं उपाशी राहिली तर गिऱ्हाईक जाणार हे उघड होतं. तो म्हणाला, "मॅडम, शेवटचं सांगतो. आज डबे चुकले तर उद्यापासून हे फाटक काढून टाकीन आणि तुम्हाला मॅन्युअल लिहायला बसवीन. वरच्यांशी बोललोय मी. मेल तयार आहे."

बाईंचा चेहरा पहिल्यांदाच जरा उतरला. फाटक म्हणजे त्यांच्या नोकरीचा अर्थ होता. मॅन्युअल आमच्याकडं कुणीही वाचत नसे, लिहिणाराही. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आज तरी फाटक आहे ना माझं? मग बघू. टेबलाला माहीत नाही, तर माणसांना विचारू. फोन लावा."

आम्ही चौघं फोनला बसलो. स्पीकर चालू, बाई मधोमध उभ्या.

"नमस्कार आजोबा, डब्याच्या ऑफिसातून बोलतोय. तुम्हाला साखर चालते का?"

"आज काय आहे डब्यात?"

"श्रीखंड."

"चालते."

पुढच्या आजी म्हणाल्या, "मला चालते हो, डॉक्टरांना चालत नाही." एकांनी विचारलं, "ते लिफ्टचं विचारून गेलात, ती दुरुस्त कधी करताय?" एकांनी माझं गाव विचारलं आणि अमरावती म्हटल्यावर म्हणाले, "मग तुम्हाला श्रीखंडातलं काय कळणार? चालते लिहा." एका आजोबांना मागून कुणीतरी "अहो, इन्शुलिन घेता ना!" म्हणत होतं, त्यांनी फोनवर हात ठेवून दटावलं आणि शांतपणे सांगितलं, "चालते."

मग एक खणखणीत आवाज आला. "साखर? नाही मला. बीपी नाही, गुडघे नाहीत. एक मुलगी आहे फक्त. चालते!"

बाई म्हणाल्या, "पुढचा." आणि मग, स्क्रीनकडं बघतच, "ते माझे वडील. त्यांचं खरं आहे."

मी म्हटलं, "मग मॅडम, त्यांच्यापुढं 'हो' टाकू ना?"

"कुणाच्या पुराव्यानं?"

"तुमच्याच की."

"मी टेबलात नाही," बाई म्हणाल्या.

फोन संपले. सगळी उत्तरं 'हो'. एकही 'नाही' नाही. माझ्या त्या हिरव्या प्रोग्रामचीच आठवण झाली मला. बाई म्हणाल्या, "ज्या कॉलममध्ये एकच उत्तर येतं, तो कॉलम रिकामा समजायचा. रिकामा म्हणजे माहीत नाही. माहीत नाही म्हणजे नाही. सगळ्यांना कोशिंबीर."

"पाडव्याला?" मॅनेजर किंचाळला. "कोथरूडमध्ये?"

बाईंनी बटण दाबलं. फाटक उघडलं. डबे वेळेवर निघाले, एकाही डब्यात श्रीखंड नाही.

त्यानंतर जे फोन आले त्यांचं वर्णन माझ्या भाषेला झेपणारं नाही. शिवी एकही नव्हती, तेच भयंकर. "आपल्या संस्थेत काकडीचा व्यवसाय कुणाचा आहे?" असं एका आजींनी मला विचारलं. काकूंनी तर रिक्षात घालून श्रीखंडाचं भलंमोठं पातेलंच आमच्याकडं पाठवलं, सोबत निरोप: आता तुम्हीच खा. आम्ही लाजेकाजेस्तव खायला सुरुवात केली. मॅनेजर हातात वाटी घेऊन बाईंबद्दलच्या त्या मेलचं शेवटचं वाक्य घासत होता.

तेवढ्यात दारात एक ताठ म्हातारे गृहस्थ उभे. हातात पिशवी, पिशवीत डबा. तीन मजले चढून आले होते आणि दम लागलेला नव्हता.

"इथे निर्णय कोण घेतं?" त्यांनी विचारलं. आवाज खणखणीत.

बाई मान वर न करता म्हणाल्या, "मी, बाबा."

"तुला माहीत नव्हतं मला चालतं ते?"

"मला माहीत होतं. टेबलाला नव्हतं."

मॅनेजरला वाटलं, हीच संधी. तो गृहस्थांना खुर्ची देत म्हणाला, "काका, सॉरी हां. पण आता टेन्शन घेऊ नका. उद्यापासून मॅडमना ह्या कामावरून काढतोय. हलकं काम देतोय. रोज पाचला घरी येतील."

म्हातारबुवा बसता बसता थांबले. "पाचला?"

"हो, शार्प."

"रोज?"

"रोज."

त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि मॅनेजरचा हात धरला. "अहो, असं काही करू नका हो," ते म्हणाले. "आत्ता ही रात्री येते तेव्हा मी झोपलेला असतो, म्हणून चाललंय. पाचला आली तर माझ्या चालायच्या फेऱ्या मोजेल. माझे मित्र मोजेल. काल आले होते तेच आज आलेत का, ते विचारेल त्यांना. कोशिंबिरीचं काय, मी वर्षभर खाईन. पण तुम्ही हिला इथेच ठेवा. दिवसभर तुम्ही सांभाळता, म्हणून तर मी ह्या वयाला पोचलो."

मॅनेजर बाईंकडं बघत राहिला. बाई स्क्रीनकडं बघत होत्या. त्यांचे कान मात्र लाल झाले होते. मग त्यानं वाटी खाली ठेवली, आणि मेल पाठवण्याऐवजी पुसून टाकला. "काका," तो म्हणाला, "फाटक राहील." इंग्रजी शब्द नसलेलं आणि तरीही मायेनं म्हटलेलं त्याचं एवढं एकच वाक्य मी ऐकलं आहे.

बाई उठल्या. पातेल्याकडं गेल्या, एका वाटीत श्रीखंड काढलं, कडेचं बोटानं निपटलं, आणि वडिलांच्या पुढ्यात ठेवलं. म्हातारबुवांनी एक चमचा तोंडात घातला, जिभेवर घोळवला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

"आंबट आहे," ते म्हणाले, वाटी संपवली, आणि पुन्हा पुढं केली.